साइट : खान्देश, वेळ : रात्र

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला थिसिसचा विषय मंजूर करून घेताना मार्गदर्शक सर्वांत आधी साइट विचारतात. विषय रुग्णालयाचा असो, बसस्थानकाचा असो की केळीच्या शीतगृहाचा, जमीन दाखवावीच लागते. 'क्वीअर जागा आणि रात्रीचं जीवन' हा विषय घेणाऱ्याची साइट बहुधा विषयासोबतच ठरलेली असते : कुलाबा, वांद्रे, नाहीतर लोअर परळची एखादी बंद गिरणी. मग शीटवर जांभळा उजेड येतो, तळघरात डान्स फ्लोअर येतो, गच्चीवर कॅफे येतो. हाच विषय जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या मुलीने घेतला आणि साइटही आपल्याच गावात शोधायची असं ठरवलं, तर तिने काय काढायचं? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी, आणि यांपैकी कुठल्याच कप्प्यात स्वतःला न बसवणारी माणसं, या सगळ्यांना मिळून आता मराठीतही क्वीअर म्हणतात. त्यांच्या जागांचा अभ्यास बाहेर बराच झाला आहे. जॉर्ज चॉन्सी यांच्या 1994च्या 'गे न्यूयॉर्क' या ग्रंथात 1890 ते 1940 या काळातल्या न्यूयॉर्कची स्नानगृहं, खाणावळी, रस्ते आणि बागा आहेत. तीन वर्षांनी आरन बेट्स्की यांचं 'क्वीअर स्पेस' आलं, 2022मध्ये अ‍ॅडम नॅथॅनियल फर्मन आणि जोशुआ मार्डेल यांनी संपादित केलेला जगभरच्या क्वीअर जागांचा ॲटलास आला. थिसिसच्या पहिल्या प्रकरणात ही नावं हमखास येतात आणि यायलाही हवीत. पण त्यांतल्या बऱ्याच जागांमागे एक गृहीतक असतं : माणसाला अनोळखी राहता येईल एवढं शहर मोठं आहे, आणि रात्री तिथे दार उघडं ठेवणारा कोणीतरी आहे.

मुंबईत हे दोन्ही होतं, तरी सोपं काहीच नव्हतं. अशोक राव कवी यांनी 1990मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं, 1994मध्ये याच समुदायासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. कुलाब्याच्या 'वूडूज' पबमध्ये शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची म्हणून ओळखली जायची. पण हमसफरला बसायला-बोलायला जी जागा मिळाली, ती वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत. रात्रीच्या पबची आठवण सगळे काढतात. मला मात्र ती पालिकेची खोली जास्त महत्त्वाची वाटते. शनिवारी रात्री भेटलेल्या माणसाला मंगळवारी दुपारी रक्ततपासणीला यायला, रडायला, कागदपत्रं दाखवायला तीच जागा होती. खान्देशात पब आणता येणार नाही, आणून फायदाही नाही. ती खोली आणता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

धुळ्याचा नकाशा समोर ठेवा. खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं आणि जुन्या गावाला लागून सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली. आजही पत्ता 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर सहा' असाच सांगतात. आखीव गावाचं कौतुक अभ्यासक्रमात असतंच. पण सरळ गल्लीत एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंतचं सगळं दिसतं, ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला कोण कुठल्या दारातून बाहेर पडलं ते कळतं. दोन मुलांनी हातात हात घेऊन चालायला इथे वळण नाही. पाचकंदीलच्या बाजारातली गर्दी ओसरली की आग्रा रोडवर उरतात ती एकमेकांना ओळखणारी माणसं.

त्यापुढे रात्र हायवेची. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन महामार्ग धुळ्यात भेटतात. रात्रभर उजेड असतो तो ढाब्यांवर, पंपांवर आणि बसस्थानकात. हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016मध्ये सांगितलं, पुढे शहरहद्दीला त्यातून सूट मिळाली. हायवेच्या काठाने वाढलेल्या या गावांत रात्रीच्या धंद्याचं भवितव्य अशा एका मापावर हलतं, हे थिसिस करणाऱ्याने टिपून ठेवलं पाहिजे. पब काढण्याआधी परवाना काढावा लागतो.

जळगावची गोष्ट थोडी निराळी. इथे महापालिकेची सतरा मजली इमारत आहे, गोलाणी मार्केटसारखं शेकडो गाळ्यांचं संकुल आहे, सराफ बाजार आहे. दिवसा या इमारतींत पाय ठेवायला जागा नसते. रात्री शटर पडली की जिने, व्हरांडे, मोकळे मजले नुसते पडून राहतात. एवढं बांधकाम आणि रात्री त्यातलं एकही दार कोणासाठी उघडं नाही. स्टेशनसमोरच्या चहाच्या गाड्या तेवढ्या जाग्या. बाकीच्यांची रात्र सुरतेला किंवा मुंबईला जाते. उधना मार्गावर गाडीत बसलं की काही तासांत सुरत, आणि तिथे अर्धा खान्देश कामाला आहे. म्हणजे अनोळखी होण्यासाठी गाव सोडून गेलेल्या मुलाला तिथेही मावसभाऊ भेटण्याची भीती आहेच.

यावरून खान्देशात रात्रीचं जीवन नाही असं मात्र कोणी समजू नये. हिवाळ्यात शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून रात्री उशिरापर्यंत भरीत पार्ट्या रंगतात. श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी घराघरांत जागरण असतं, रोट असतात, दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत सासवासुना रस्त्यावर नाचतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके असतात, पत्त्यांचे डाव बसतात. लग्नाच्या वरातीत बँडपुढे तास-तासभर नाच चालतो. ही सगळी रात्र कुटुंबाची आणि भाऊबंदकीची. त्यात सर्वांना जागा आहे, फक्त 'अमक्याचा मुलगा' किंवा 'तमक्याची सून' म्हणून. ज्याला त्या नात्यातून जरा बाजूला उभं राहायचंय, त्याला या रात्रीत उभं राहायला कोपरा नाही.

असा कोपरा पिढ्यान्‌पिढ्या होता तो तमाशाच्या राहुटीत. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतचा हंगाम, भिका-भीमा सांगवीकर किंवा आनंद लोकनाट्य जळगावकर असे नावाजलेले फड, आणि यात्रेच्या मैदानात एका दिवसात उभं राहून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवलेलं अख्खं नाट्यगृह. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने हे मापं घेऊन काढावं, असं मला मनापासून वाटतं. आधी ट्रक येतात. फळ्या आणि लोखंडी घोडे उतरतात, त्यांचा बोर्ड होतो. भोवती कनात, पुढच्या बाजूला तिकिटाची खिडकी, जनरेटर लांब, कारण त्याच्या आवाजाने ढोलकी मरते. बोर्डाच्या मागे राहुट्या. तिथे एकेका कलावंताच्या वाट्याला येते ती जेमतेम पेटीभोवतीची जागा. पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडून आतल्या बाजूला आरसा टेकवलेला, वरून तारेला लोंबणारा बल्ब, शेजारी चाळ आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. झाकण उघडं असेपर्यंत ती खोली. झाकण लावलं की घर ट्रकमध्ये.

याच जागेत पुरुषाने बाई होण्याची सोय होती. बायका बोर्डावर येण्याआधी नाच्या पोरं नाचायची, आणि खान्देशी तमाशात पुरुषांनीच बाईची भूमिका उभी करण्याची रीत बराच काळ टिकली. गवळणीतली मावशी तर आजही पुरुषच. या माणसांपैकी कोणाला काय वाटत होतं, हे बाहेरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. अनेकांचं ते फक्त काम होतं, पोट होतं. पण ज्यांच्यासाठी ते कामापेक्षा जास्त होतं, त्यांना गावाच्या देखत, लख्ख उजेडात तसं असण्याची जागा हीच होती. तिची किंमतही होती. नाच्याला शिट्ट्या मिळाल्या, टिंगल मिळाली, अंधारात अंगाला हात लागले, आणि गावात परत गेल्यावर मुलीसाठी स्थळ मिळेना अशी वेळ आली. तमाशाच्या राहुटीचं गुलाबी चित्र काढून चालणार नाही. सेक्शन काढताना बोर्डावरचा उजेड जितका काढायचा, तितकाच राहुटीमागचा अंधारही काढला पाहिजे.

शिवाय ही रात्रही आता कापली गेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000मध्ये आले, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 18 जुलै 2005चा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. आजारी माणसाच्या, परीक्षेच्या पोराच्या दृष्टीने नियम योग्यच आहे, मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण पहाटेपर्यंत चालणारा वग दहाच्या आत बसवायचा म्हणजे गण, गवळण, बतावणी सगळंच घाईत उरकायचं. खेळ दहाला सुटला की माणसं शेवटच्या गाडीने घरी. पहाटेपर्यंत गावात असण्याचं जे सबळ कारण होतं, ते संपलं. रात्रीच्या जागेला भिंतींइतकीच वेळ लागते. तिचा नकाशा तासांतही काढावा लागेल.

जळगावकरांना यात आणखी एक गोष्ट जवळची आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी शिक्षणासाठी जळगावला नातेवाइकांकडे होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. पुढे 1905मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले. शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांतून त्यांनी बाई अशी उभी केली की घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, केसांत तसे गजरे माळू लागल्या. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, दर वर्षी त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव शहरात होतो. बालगंधर्व क्वीअर होते असं मला म्हणायचं नाही, तसा दावा करणं त्यांच्यावर अन्यायच ठरेल. म्हणायचं एवढंच की स्त्रीवेषातल्या पुरुषाला डोक्यावर घेणं या गावाला नवीन नाही. ते उघड्यावर, शेकडोंच्या समोर, सन्मानाने करून झालेलं आहे. आज त्याच शहरात एखाद्या पारलिंगी मुलीला सिनेमाच्या रात्रीच्या खेळाला एकटीने जायचं म्हटलं तर तिकीट फाडणाऱ्यापासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाची नजर झेलावी लागते. बोर्डावर असताना मिळणारी माया बोर्डावरून उतरल्यावर का टिकत नाही, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे असं म्हणून आर्किटेक्टने हात झटकू नयेत. नाट्यगृहाच्या नकाशात मंच असतो, रंगपट असतो, प्रेक्षागृह असतं. खेळ सुटल्यावर कलावंताने कुठून कुठे जायचं, ती वाट कोणी आखत नाही.

खान्देशच्या क्वीअर रात्रीची सर्वांत मोठी साइट मात्र खान्देशाबाहेर, नाशिक जिल्ह्यात आहे. कळवण तालुक्यातला सप्तशृंगगड. तिथली सप्तशृंगी देवी ही धुळे-जळगावच्या अनेक घरांची कुलस्वामिनी. चैत्रात पायी निघालेल्या खान्देशी भाविकांनी रस्ते भरून जातात. कोजागिरीला गडावर दोन प्रवाह एकत्र येतात. एक कावडधारकांचा : नद्यांचं पाणी खांद्यावरून आणून देवीला अभिषेक करणारे. दुसरा तृतीयपंथीयांचा. महाराष्ट्रातून आणि बाहेरच्या राज्यांतूनही गुरू-चेल्यांच्या टोळ्या या एका रात्रीसाठी गड चढतात आणि त्यांचा छबिना निघतो.

त्या रात्री गडावर जाऊन जे दिसतं ते कुठल्याही क्लबच्या शीटवर बसणार नाही. नांदुरीपासूनच्या घाटात गाड्यांच्या रांगा, चढणीला कावडीच्या घुंगरांचा आवाज. वर आलं की बांगड्यांच्या दुकानांपुढे जरीच्या साड्यांतल्या मावश्या कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून घेत बसलेल्या. बांगडीवाला एकेकीचा हात दाबून, मुठीची हाडं जुळवून बांगडी चढवतो, तोंडाने नुसतं 'सैल सोडा मावशी, सैल' म्हणतो. रोजच्या जगात ज्या हाताला शिवायला माणसं कचरतात, तो हात त्याच्या दोन्ही हातांत असतो, शेजारी खान्देशातली एखादी आजी आपल्या नंबरची वाट बघत टेकलेली. मग संबळ वाजतो, डोक्यावर देवीची मूर्ती घेतलेला गुरू पुढे आणि मागे नाचणारा अख्खा रस्ता. बायका पोरांना पुढे करून त्यांच्या पाया पडायला लावतात, ओटीत नाणं टाकून घेतात. पहाटेपर्यंत हे चालतं. पोलीस बंदोबस्ताला असतात, पांगवायला नाही.

इथेही सगळं गोड नाही. पाया पडणारी बाई दुसऱ्या आठवड्यात त्याच मावशीला घर भाड्याने देणार नाही. देवीच्या नावाने मान मिळतो, माणूस म्हणून मिळेलच असं नाही. शिवाय हा मान साडी नेसणाऱ्यांना आहे. भुसावळच्या एखाद्या समलिंगी मुलाला किंवा शिरपूरच्या दोन मैत्रिणींना ज्यांना एकत्र राहायचंय, त्यांच्यासाठी ना छबिना, ना पौर्णिमा. त्यांची रात्र मोबाइलच्या पडद्यावर आहे, आणि तिथे ॲपवरून भेटायला बोलावून लुबाडणारे टपलेले असतात. घरी सांगता येत नाही म्हणून तक्रारही होत नाही. सप्टेंबर 2018मध्ये कलम 377च्या बाबतीत निकाल लागला तेव्हापासून प्रौढांचं परस्पर संमतीचं नातं गुन्हा राहिलेलं नाही. पण गुन्हा नसलेलं नातं बसून बोलण्यासाठी अजून बाक शोधतंय.

एवढं पाहिल्यावर माझं म्हणणं असं आहे की खान्देशातली क्वीअर रात्र बांधलेली नाही, उभारलेली आहे. ती कनातीसारखी येते, पौर्णिमेसारखी येते आणि सकाळी उतरवली जाते. म्हणून थिसिसचं उत्तर एका इमारतीत शोधणं चुकीचं ठरेल, आणि इमारत नकोच म्हणणं त्याहून चुकीचं. उतरवल्यानंतर जायचं कुठे, याला इमारत लागतेच.

ती इमारत कशी असू शकते, याची दोन उदाहरणं तापीच्या आणि नर्मदेच्या पलीकडे गुजरातेत आहेत. राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी 2006मध्ये आपण समलिंगी असल्याचं वर्तमानपत्रातून जाहीर केलं, घरच्यांनी नातं तोडलं. 2018मध्ये त्यांनी आपल्या 15 एकरांच्या आवारात अशाच घराबाहेर काढलेल्यांसाठी निवारा करायचं ठरवलं. नंदुरबारहून राजपीपळा लांब नाही. दुसरं वडोदऱ्याचं : नोव्हेंबर 2020मध्ये तिथे केंद्र सरकारच्या योजनेतलं 'गरिमा गृह' सुरू झालं, तृतीयपंथीयांसाठी राहणं, जेवण, आरोग्य आणि कौशल्यशिक्षण. त्याच वर्षी आलेल्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या नियमांत रुग्णालयांत वेगळे वॉर्ड आणि आस्थापनांत स्वच्छतागृहं दोन वर्षांत करा असं लिहिलेलं आहे. जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही सरकारी इमारतीत जाऊन याचं मोजमाप घेणं, हे थिसिसचं एक प्रकरण सहज होईल.

जागेचा हक्क कागदावर कुठे अडतो, हे जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकने दाखवलं. तृतीयपंथी असलेल्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. 2 जानेवारी 2021 रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला म्हणून लढण्याची परवानगी दिली आणि त्याच महिन्यात गावाने त्यांना निवडून दिलं. न्यायालयाने दार उघडल्यावर गाव मागे हटलं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. 2024च्या विधानसभेसाठी वंचित बहुजन आघाडीने रावेरमधून तृतीयपंथी शमिभा पाटील यांना उमेदवारी जाहीर केली. दिवसाच्या जागा मिळवणारी माणसं खान्देशात आहेत. रात्रीच्या जागेचा प्रश्न विचारायचा तर तो आधी त्यांनाच विचारायला हवा.

विद्यार्थ्याला एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. कोण कुठे कोणाला भेटतं, कुठल्या बागेत, कुठल्या फलाटाच्या टोकाला, हे कळलं तरी शीटवर काढू नका. मुंबईत अशा नकाशाचा अभ्यास होतो. छोट्या गावात तो उद्या ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातात जातो आणि परवा पोलिसांच्या. ज्युरीने विचारलं तर जागेचं नाव न देता उजेड किती होता, पळून जायला वाटा किती होत्या, बसल्यावर पाठ कशाला टेकत होती, एवढंच सांगा. जागेचा स्वभाव कळायला ते पुरतं.

आणि मग काय काढायचं? जळगावचं बालगंधर्व खुलं नाट्यगृह तयार आहे, त्याच्या रंगपटाला लागून रात्रभर कुलूप नसलेली एक खोली, पाणी, स्वच्छतागृह आणि पहाटेच्या पहिल्या बसपर्यंत बसता येईल असा व्हरांडा काढा. धुळ्यात बसस्थानकाजवळ दिवसा समुपदेशन आणि रात्री निवारा असलेल्या चार खोल्या काढा, प्रवेश दोन बाजूंनी ठेवा, म्हणजे कोण आत गेलं हे गल्लीला कळणार नाही. कनातीच्या फडासाठी राहुटीचं असं मॉड्यूल काढा, ज्यात कलावंताला आतून कडी लावता येईल. आणि सप्तशृंगगडावर कोजागिरीला किती स्वच्छतागृहं लागतात, किती अंथरुणं, अंधाऱ्या वळणावर किती दिवे, याचं एरिया स्टेटमेंट करून ते यात्रेच्या नियोजनाच्या बैठकीत द्या. यात्रेआधी तिथे पाणीपुरवठा, वीज, एसटी, आरोग्य आणि बंदोबस्त यांचा आढावा घेतला जातोच, त्यात छबिन्याचाही एक मुद्दा घालून घ्यावा.